पदरातला लाडू

मी चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. राणीसावरगावातल्या निम्म्या लोकांना बाराखडी येते ती माझ्यामुळे, आणि उरलेल्यांना येत नाही त्यात माझा दोष नाही. त्यामुळे परभणीहून आरोग्य खात्याच्या निवेदिता मॅडम आल्या आणि "साठीपुढच्या बायकांसाठी आहाराचा आणि व्यायामाचा वर्ग सुरू करायचाय, शिकवायला गावातलंच कुणीतरी हवं," असं म्हणाल्या, तेव्हा सरपंचांसकट सगळ्यांनी माझ्या घराकडे बोट दाखवलं. मी आढेवेढे घेतले नाहीत. खोटा विनय मला जमत नाही, आणि निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी फळा दिसला की माझा हात शिवशिवतो.

पोळा झाला आणि समाजमंदिरात वर्ग भरू लागला. मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी तीन ते पाच. पटावर एकोणीस बाया. सगळ्यात लहान एकसष्ट वर्षांची. सगळ्यात थोरल्या चांगुणाबाई, त्यांचं वय कुठंच लिहिलेलं नाही. विचारलं तर म्हणाल्या, "रजाकाराच्या वक्ताला मी पाळण्यात होते. करा हिशेब." मी केला आणि अठ्ठ्याहत्तर लिहिलं.

मॅडमनी मला आठवडाभर परभणीला बोलावून शिकवलं होतं. म्हातारपणी माणूस वयानं जितकं खंगतं त्याहून जास्त कमी खाण्यानं आणि बसून राहण्यानं खंगतं, हे त्याचं सार. वर्गात आधी व्यायाम. हात छातीवर बांधून खुर्चीतून उठायचं आणि बसायचं. अर्ध्या मिनिटात कितीदा जमतं ते मी मोजायचे. मग आहाराचा धडा. आणि शेवटी प्रत्येकीला एक लाडू. भाजलेलं ज्वारीचं पीठ, शेंगदाणे, तीळ, जवस आणि गूळ. ज्यांना साखरेचा आजार त्यांना फुटाणे आणि जवसाची चटणी. लाडू बचत गटाच्या बाया वळायच्या, आणि खरं सांगते, फार चांगले व्हायचे. माझ्या वाटचा एक मी घरी न्यायचे. आमच्या विष्णुपंतांना दुपारच्या चहाबरोबर काहीतरी लागतं.

महिन्यातून एकदा मॅडम वजनकाटा घेऊन येत. सगळ्यांची वजनं माझ्या अक्षरात वहीत आहेत. माझं अक्षर चांगलं आहे.

आता बायनाबाईंबद्दल सांगते, कारण ही गोष्ट त्यांची आहे. बायनाबाई अडुसष्ट वर्षांच्या, उंच, पाठ ताठ आणि वजन अडतीस किलो. काटक म्हणावं तर काटक, पण खरं म्हणजे हाडं आणि लुगडं, मधे काही नाही. पहिल्याच दिवशी त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"बाई, मला बाकी कायबी शिकायचं न्हाई. येळवशीला आंबिलीचं मडकं डोक्यावर घेऊन रानात जायचंय. तेवढं ह्या तुमच्या शाळेनं व्हायलं तर सांगा. न्हाईतर मी कापूस येचायला जाते."

ज्यांना येळवस माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्या भागात गावात कुत्रंसुद्धा उरत नाही, सगळं गाव रानात असतं. कडब्याची कोप, म्हणजे छोटी झोपडी, करायची, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. त्यांच्यापुढे डाळी-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर आणि आंबील. ताकात ज्वारीचं पीठ कालवून आंबील दोन दिवस आधीच घातलेली असते. तिचं मडकं डोक्यावर आणि घोंगडं अंगावर घेऊन घरचा कर्ता पुरुष पुढे चालतो, बाकीचं घर मागे.

बायनाबाईंचे मालक आबासाहेब गेले तेव्हा त्यांचा मुलगा महारुद्र सहा वर्षांचा होता. त्या साली येळवशीला दीर मडकं उचलायला आला. बायनाबाईंनी त्याला दारातच थांबवलं, खुंटीवरचं आबासाहेबांचं घोंगडं पांघरलं, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि मडकं स्वतः उचललं. भावकीत चार दिवस बोलणी झाली. पुढच्या साली कुणी काही बोललं नाही. तीस वर्षं तो मान त्यांचाच होता.

गेल्या साली ओढ्याच्या उतारावर त्यांना चक्कर आली. मडकं फुटलं, मनगटाचं हाड मोडलं. हाड सहा आठवड्यांत जुळलं. पण आंबील मातीत गेली ते त्यांच्या मनातून गेलं नाही. "पांडव उपाशी राह्यले बाई, माझ्या हातानं," असं त्या म्हणायच्या, आणि हे म्हणताना त्यांचा आवाज अगदी लहान व्हायचा. मुलानं सांगून टाकलं होतं की यापुढे मडकं मी नेणार.

मी म्हणाले, "येळवशीला मडकं तुमच्याच डोक्यावर असेल. हा माझा शब्द." शब्द देताना मी विचार करत नाही, ही माझी जुनी खोड आहे.

महारुद्र माझा विद्यार्थी. पाढे कच्चे, पण मन स्वच्छ. त्याला बोलावून घेतलं. तो मान खाली घालून म्हणाला, "बाई, मला मान नकोय. मला माय पाह्यजे. पुन्हा पडली तर कंबरच मोडंल." त्याचंही खोटं नव्हतं. शेवटी ठरलं असं: येळवशीच्या आठ दिवस आधी बायनाबाईंनी पाण्यानं भरलेलं मडकं डोक्यावर घेऊन घरापासून मारुतीच्या पारापर्यंत चालून दाखवायचं. पाणी सांडलं नाही तर मान त्यांचा, सांडलं तर महारुद्रचा, आणि मग कायमचा.

दोन महिने मी जीव तोडून शिकवलं. बायनाबाई एक दिवस चुकल्या नाहीत. उठाबशीला सगळ्यांच्या आधी उभ्या. पण पहिल्या दिवशी अर्ध्या मिनिटात सहा वेळा उठत होत्या, दिवाळीलाही सहाच. वजन अडतीस होतं ते अडतीसच. नुसत्या त्याच नाहीत, जवळजवळ सगळा वर्ग होता तिथंच. मॅडमना मी काय दाखवणार? रात्री विष्णुपंतांवर चिडायचे. त्यांचा काही संबंध नव्हता, पण लग्नाला चाळीस वर्षं झाली की माणूस संबंध बघत नाही.

दिवाळीनंतर एक दिवस अंगणवाडीची राजेश्री रस्त्यात भेटली. तीही माझीच विद्यार्थिनी. चेहरा फुललेला.

"बाई, तुमच्या वर्गाचा लय फायदा झाला बघा. यंदा वजनं कशी वाढलीत. कधी न्हाई एवढी."

मी हुरळले. कुणीतरी दखल घेतली. "कुणाची गं? चांगुणाबाईंची का?"

"चांगुणाबाईंची न्हाई ओ. लेकरांची. माझ्या अंगणवाडीतल्या लेकरांची. बायनाबाईंची सृष्टी तर दीड किलोनं वाढली."

"लेकरांची वजनं माझ्या वर्गानं कशी वाढतील? माझ्या वर्गातलं सगळ्यात लहान लेकरू एकसष्ट वर्षांचं आहे."

राजेश्री हसायला लागली. "दर मंगळवारी-शुक्रवारी पाच वाजले की लेकरं समाजमंदिराच्या कोपऱ्यावर उभी असतेत. आज्ज्यांच्या पदराला लोंबकळतेत. तुमाला म्हाईत न्हाई?"

मला माहीत नव्हतं. वर्ग सुटला की मी मागच्या दारानं कुलूप घालून घरी जायचे.

शुक्रवारी वर्ग सुटताना मी पुढच्या दारात आडवी उभी राहिले. शाळेत जंताची गोळी देताना पोरांना तोंड उघडून दाखवायला लावायचे, तो आवाज माझ्यात आपोआप आला.

"पदर सोडा."

कुणी हललं नाही. मी पुन्हा म्हणाले. मग एकेक गाठ सुटायला लागली. लाडू, लाडू, फुटाणे, लाडू. बारा पदरांत बारा गाठी. चांगुणाबाईंनी तर आपला लाडू वडाच्या पानात बांधून ठेवला होता.

"बाई, मला दात न्हाईत," त्या शांतपणे म्हणाल्या, "नातवाला हायेत."

एरवी मी हसले असते. पण त्या दिवशी माझं डोकं फिरलं होतं. मी सगळ्यांना बोलले, आणि सगळ्यात जास्त बायनाबाईंना, कारण माझा शब्द त्यांच्यात गुंतला होता. "दोन महिने मी पालथ्या घड्यावर पाणी ओतलं. बायनाबाई, तुम्हाला मडकं न्यायचंय ना? मग ऐका. अशानं यंदाही पांडवांची आंबील मातीतच जाईल."

बायनाबाईंनी गाठ सोडली, लाडू माझ्या हातावर ठेवला आणि चपला घालून निघून गेल्या. कोपऱ्यावर त्यांची सृष्टी उभी होती. साडेचार वर्षांची, दोन शेंड्या घातलेली. तिनं आजीच्या पदराला हात घातला, गाठ रिकामी बघितली आणि आजीच्या तोंडाकडे बघत राहिली. मला त्या वाक्याची लाज तिथंच वाटली. आजही वाटते.

मंगळवारी बायनाबाई आल्या नाहीत. शुक्रवारीही नाहीत. येळवस सात आठवड्यांवर आली होती.

शेवटी एका सकाळी मी त्यांच्या घरी गेले. दहा वाजले होते, रानात जाण्याआधीची जेवणं चालू होती. बायनाबाईंची सून सविता चुलीपुढे भाकरी थापत होती. बायनाबाईंनी मला बघितलं आणि पाट पुढे सरकवला. रागावल्या तरी पाहुण्याला उभं ठेवायची त्यांची रीत नाही.

मी बसले आणि बघत राहिले. आधी महारुद्र जेवला. मग सृष्टी. मग सवितानं दोन ताटं वाढली, एक सासूचं, एक स्वतःचं, दोन्ही सारखी. म्हणजे घरात कुणी म्हातारीला उपाशी ठेवत नव्हतं. पण बायनाबाईंनी ताट पुढे ओढलं, भाकरीचा मऊ पदर काढून सृष्टीच्या हातात दिला, वरणाची वाटी महारुद्रच्या डब्यात उलटी केली, आणि उरलेला कडक पापुद्रा ताकात चुरून पाच घासांत संपवला. हे सगळं त्यांच्या हातांनी आपोआप केलं. त्या तेव्हा सविताशी शेळीबद्दल बोलत होत्या.

"बघितलं का बाई?" सविता म्हणाली. "मी लग्न होऊन आले तवापासून सांगायलेय, आत्या, तुमच्या ताटातलं तुमी खा. ऐकतेत का?"

"माझ्या सासूनं बी असंच खाल्लं," बायनाबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "बाई, तुमी त्या दिवशी चोरी पकडल्यावानी केलंत. लेकरू तोंडाकडं बघायलंय आन् आपण लाडू खायचा, हे मला जमत न्हाई. घास उतरतच न्हाई गळ्यातून. तुमच्या शाळेत ते शिकवीत असतील तर मी नापास."

मी म्हणाले, "नापास मी झाले. चुकले मी. त्या दिवशी बोलले तेही चुकले आणि आधी दोन महिने काही बघितलं नाही तेही चुकले." चौतीस वर्षांत मी हे वाक्य कुणापुढे म्हटल्याचं मला आठवत नाही. म्हटल्यावर बरं वाटलं.

बायनाबाईंनी उठून चहाचं आधण ठेवलं.

तेवढ्यात सविता पिठाचे हात झटकत म्हणाली, "बाई, एक सांगू का? लाडू गोड हाय तवर ह्यांच्या पोटात जायचाच न्हाई. मेथी घाला त्यात. बाळंतिणीच्या लाडवात घालतेत तशी, बचकभर. लेकरांनी एकदा चाखला की थुकून देतील, पुन्हा मागणार न्हाईत. आन् लेकरांचा लाडू येगळा करा, अंगणवाडीत द्या. लेकराचं पोट भरलं म्हणल्यावर ह्यांचा जीव थाऱ्यावर येतोय."

मी तिच्याकडे बघतच राहिले. सविताचं माहेरही गावातलंच; सातवीत माझ्या वर्गात ही मुलगी गणितात चाळीसच्या वर कधी गेली नव्हती. शेरास सव्वाशेर म्हणतात ते हेच. ती तोवर पुढची भाकरी थापायला लागली होती.

पुढच्या आठवड्यापासून बचत गटाच्या बाया दोन परातींत लाडू वळू लागल्या. गोड लाडू राजेश्री सकाळी अंगणवाडीत वाटायची. मेथी आणि डिंकाचे कडू लाडू माझ्या वर्गात यायचे. बायनाबाई परत आल्या, आणि पहिला मेथीचा लाडू अर्थातच पदरात बांधून घरी घेऊन गेल्या. सवय ती. सृष्टीनं चाखला, अंगणात थुंकला, आणि त्या दिवसापासून कोपऱ्यावर उभं राहणं बंद केलं. चांगुणाबाईंच्या नातवानं तर सगळ्या गल्लीत सांगितलं की आजीला समाजमंदिरात औषध देतात. तो शब्द बायकांना आवडला. लाडू म्हणजे चैन, औषध म्हणजे गरज. औषध खायला म्हातारीला लाजावं लागत नाही. वर्ग सुटताना एकोणीस जणी भिंतीला टेकून बसायच्या, तोंडं वाकडी करायच्या आणि औषध संपवायच्या.

घरच्या ताटाचं मी सवितावर सोडलं. तिनं वाद घातला नाही. सासूची भाकरी ती वेगळी, लहान आणि मऊ थापायची, वरणात कुस्करूनच ताटात द्यायची. कुस्करलेली भाकरी दुसऱ्याच्या ताटात जात नाही. दवाखान्यातून रक्तवाढीच्या गोळ्या आणल्या, त्याही सविताच द्यायची.

दोन आठवड्यांनी मी मोजलं तर बायनाबाई आठ वेळा उठल्या. चौथ्या आठवड्यात अकरा. काटा चाळिसाच्या जवळ गेला. मग चुंबळ ठेवून रिकामं मडकं, मग पाव भरलेलं, मग अर्धं. समाजमंदिराच्या ओसरीवर त्या येरझाऱ्या घालायच्या आणि बाकीच्या अठरा जणी सूचना द्यायच्या. मी वर्गात एवढी बडबड कधीच खपवून घेतली नव्हती. आता खपवून घेत होते.

ठरलेल्या दिवशी मारुतीच्या पारावर गाव जमलं. कुणी बोलावलं नव्हतं. बायनाबाई भरलं मडकं घेऊन घरातून निघाल्या. महारुद्र मागून चालला होता, दोन्ही हात थोडे पुढे धरून, पोराला सायकल शिकवताना बाप धावतो तसा. गल्लीच्या वळणावर बायनाबाईंचं पाऊल एकदा अडखळलं. त्या थांबल्या, श्वास घेतला आणि चालल्या. पारावर मडकं उतरवलं तेव्हा चुंबळ कोरडी होती. महारुद्रनं ती हातात घेऊन दाबून बघितली, दोनदा.

"जमलं," एवढंच तो म्हणाला, आणि आईच्या पाया पडला.

मला वाटलं, जिंकलो. पण येळवशीच्या सकाळी आठ वाजता त्यांच्या घरी गेले तेव्हा एक गोष्ट राहूनच गेल्याचं कळलं. भज्जी शिजून तयार, उंडे बांधून तयार, घोंगडं झटकून ठेवलेलं. बायनाबाई पहाटे तीनला उठलेल्या. मी विचारलं, "सकाळपासून काय खाल्लंत?"

"पांडवांच्या आधी?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी भलतंच बोलले होते. "पांडवांचा निवद झाल्याबिगर पाणी सोडलं तर काय न्हाई. कधीच न्हाई."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. गेल्या सालीही हेच. पहाटे तीनपासून चुलीपुढे, पोट रिकामं, त्यात अडतीस किलो, आणि डोक्यावर मडकं. चक्कर येणार नाही तर काय होणार? आणि आताही पूजेला अकरा वाजणार होते. हे मी आधी विचारायला हवं होतं. विचारलं नव्हतं. आणि वाद घालण्यात अर्थ नव्हता. देवाच्या निवदापुढे माझ्या फळ्याचं काय चालणार?

मी काही बोलणार एवढ्यात बायनाबाई देवळीकडे गेल्या, कागदाची पुडी उघडली आणि त्यातला मेथीचा लाडू माझ्यासमोर उभ्यानं खाल्ला. अख्खा. वर तांब्याभर पाणी प्याल्या.

"हे औषध हाय," त्या म्हणाल्या. "औषधानं उपास मोडत न्हाई."

सवितानं हसू लपवायला पदर तोंडाला लावला. म्हणजे हे आधीच ठरलेलं होतं, आणि मला कुणी सांगितलं नव्हतं. मला राग यायला हवा होता. आला नाही.

त्यांनी घोंगडं पांघरलं. महारुद्रनं मडकं उचलून डोक्यावर ठेवायला हात दिला, तेवढाच. दीड मैलाची वाट. दोन्ही बाजूंना हरभरा घाट्यांनी भरलेला, ज्वारी पोटऱ्यात आलेली. माझे गुडघे निम्म्या वाटेतच बोलायला लागले. माझे गुडघे दुखतात, त्याला वय झालं असं मी म्हणते. पुढे बायनाबाई एका लयीत चालल्या होत्या.

ओढ्याच्या उतारावर त्या थांबल्या. तीच जागा. महारुद्र झटकन पुढे झाला आणि मडक्याला हात लावला.

"हात काढ," बायनाबाई म्हणाल्या.

त्यानं काढला. त्या आडवं पाऊल टाकत उतार उतरल्या, ओढ्यातल्या दगडांवरून गेल्या आणि पलीकडचा चढ चढल्या. चढाच्या माथ्यावर जाऊन मागे वळून आमच्याकडे बघितलं. आम्ही सगळे अलीकडेच उभे होतो.

"या की," त्या म्हणाल्या. "का मी एकटीनंच येळवस करू?"

कोपीत पूजा झाली. बायनाबाईंनी आंबिलीची एक वाटी पांडवांपुढे ठेवली. मग दुसरी वाटी भरली आणि पहिलीच्या शेजारी ठेवली. सृष्टीनं विचारलं, दोन का? "एक यंदाची," त्या म्हणाल्या, "आन् एक मागल्या सालची ऱ्हायलेली." माझे डोळे भरून आले. मी ते लपवले नाहीत, सगळ्यांनी बघितले तर बघू देत.

महारुद्र पिकात आंबील शिंपून आला आणि पंगत बसली. सवितानं पहिलं ताट सासूपुढे ठेवलं. सृष्टी दुसऱ्या ताटावर मजेत उंडा कुस्करत होती, आजीकडे तिचं लक्षही नव्हतं. बायनाबाई जेवल्या. भज्जी दोनदा घेतली. मी मनात मोजत होते, मोजणं माझ्या हाडात आहे.

शेवटी तिळाच्या पोळ्या आल्या. माझ्या ताटात एक पडली. विष्णुपंतांना तिळाची पोळी फार आवडते, आणि त्यांना एवढं चालवत नाही म्हणून ते घरीच होते. मी पोळीची घडी केली, कुणाचं लक्ष नाही असं बघितलं आणि पदराच्या टोकाला बांधली.

मान वर केली तर बायनाबाई माझ्यासमोर उभ्या.

"बाई," त्या म्हणाल्या. "पदर सोडा."

मी हसायचा प्रयत्न केला. "अहो, ही विष्णुपंतांसाठी..."

"त्यांचा डबा सवितानं कवाच भरलाय. चार पोळ्या हायेत त्यात." त्या माझ्यासमोर मांडी घालून बसल्या. जमिनीवर, हात न टेकवता. "चार महिने झाले, मी वर्गात बघायलेय. सगळ्यांचे लाडू मोजता, तुमचा तुमी एकदाबी खाल्ला न्हाई. पिशवीत टाकता. विष्णुपंत काय लेकरू हायेत का?"

पंगतीतलं कुणीतरी हसलं. चांगुणाबाई त्यांच्या नातवाबरोबर बाजूच्या रानातून आल्या होत्या, त्या तर खळखळून हसल्या. वहीत एकोणीस जणींची वजनं होती, माझं नव्हतं. मी काट्यावर कधी उभीच राहिले नव्हते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, ही म्हण मी चौथीच्या पोरांकडून शंभर वेळा घोकून घेतली असेल.

"वय झालं म्हणून गुडघे दुखतेत ना तुमचे?" बायनाबाई म्हणाल्या. "माझे बी दुखायचे."

मी गाठ सोडली. पोळी थोडी चुरली होती. पहिला घास तोंडात टाकला तेव्हा खरंच गळ्याशी अडकल्यासारखं झालं. घरी एक माणूस चहाची वाट बघतोय आणि मी इथं गोड खातेय, असं काहीतरी. बायनाबाई सहा आठवड्यांपूर्वी मला जे सांगत होत्या ते मला तेव्हा कुठं कळलं.

"उतरंल," बायनाबाई म्हणाल्या. "पहिला जड जातोय. मग उतरतोय."

त्यांनी आंबिलीची वाटी माझ्यापुढे सरकवली आणि पोळी संपेपर्यंत उठल्या नाहीत.